बेरियमच्या दिवशीचं दही

आईचा बेरियमचा एक्स-रे मंगळवारी ठरला आणि मी घरात हुकूमशहा झाले. सत्तरीचं दशक होतं. सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. चार महिन्यांपासून आईला अन्न पचत नव्हतं. अर्धी भाकर खाल्ली की उलटी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन कॅन्सरचा संशय सांगितला. आईजवळ मी नुसतं ‘गाठ’ म्हटलं. गाठ कशाची, हे तिने विचारलं नाही.

आदल्या संध्याकाळी मी तिला समजावायला बसले. साध्या फोटोत हाडं दिसतात, जठर दिसत नाही. म्हणून पांढरं, खडूसारखं औषध प्यायला देतात. ते आत पसरलं की जठराचा आकार उमटतो, आणि गाठ असेल तेवढ्या जागेत औषध शिरत नाही. ती जागा वेगळी दिसते.

“अन् पोटात भाताचं शीत राह्यलं तं?” आईने विचारलं.

“मंग तेही गाठीसारखंच दिसते. म्हणून उद्या चहा नाई, पाणी नाई, सुपारी नाई.”

“हाओ, समजलं मले.”

माझ्या दहावीच्या वर्गापेक्षा तिला लवकर समजलं होतं.

मे महिना होता, पहाटेपासूनच अंग भाजत होतं. मी माठावर पाट ठेवला आणि शिवाय स्वतः राखण करत बसले. आईने चूळ भरली ती माझ्यासमोर, पाणी पूर्ण थुंकलं हे मला दिसावं म्हणून. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

बाहेर रिक्षावाल्याने घंटी वाजवली. आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला निघालेल्याच्या हातावर दहीसाखर ठेवतात. ते काम आईचं. माझ्या प्रत्येक परीक्षेला, नोकरीच्या मुलाखतीला तिनेच ठेवलं. त्या दिवशी निघालेली तीच होती, म्हणून मी धावत आत गेले आणि चमचाभर दही साखर घालून तिच्या तळहातावर ठेवलं. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग ते खाल्लं आणि पदराला बोटं पुसली. मला काहीसुद्धा खटकलं नाही.

दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्याने विचारलं, “काही खाल्लं-पेलं काय, बाई, सकाळपासून?”

“काई नाई जी. पाणीबी नाई.”

तेव्हा कुठे मला ते दही आठवलं. पांढऱ्या औषधाचा पेला तिच्या हातात होता. मी तिचं मनगट धरलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याने पेला परत घेतला. पोट रिकामं म्हणजे रिकामंच पाहिजे, म्हणाला. पुढचा मंगळवार भरलेला होता, त्यामुळे तारीख मिळाली दोन आठवड्यांनंतरची.

परतताना रिक्षात मी तिच्यावर ओरडले, भर रस्त्यात.

“तुले मालूम होतं ना? मंग काहून खाल्लं?”

“तू दही घेऊन धावत आली वं. मी नाई म्हटलं असतं तं अपशकुन झाला म्हणून तुह्या मनाले लागलं असतं. दिवसभर भेत राह्यली असती.”

शकुन-अपशकुन काही नसतं, हे मी वर्गात घसा खरवडून सांगायचे. पण ती म्हणत होती ते खरं होतं. मी भ्यालेच असते.

त्या दोन आठवड्यांत आई भाकरीवरून पेजेवर आली. दुसऱ्या वेळी फोटो स्पष्ट निघाले. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा गाठीची जागा मलाही दिसली. चांगली मोठी होती. त्यांनी कागदावरची पहिली तारीख पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“दोन आठवडे का घालवले? घरात कोणाला काळजी आहे की नाही?”

मी बोलायच्या आत आई म्हणाली, “मलेच भेव वाटून राह्यलं होतं जी. पोरगी तं रोज चाल म्हणे. मीच नाई आली.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि तसंच लिहून घेतलं. टेबलाखाली आईने माझा हात घट्ट दाबून धरला होता. तिच्या अंगात तेव्हा ताकद अशी उरलीच नव्हती. तो हात सोडवून खरं सांगणं मला सहज जमलं असतं. मी सांगितलं नाही.