रिकाम्या खुर्चीवरचा पंखा

फिनेलचा वास आला की पेणच्या त्या ऑफिसातली दुपार आठवते. मी साफसफाईला नवीनच लागले होते. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले, तरी दिवे, पंखे चालूच. घरच्या सवयीनं मी कोपऱ्यातल्या टेबलापासून एकेक बटण बंद करायला लागले. तेवढ्यात मोठे साहेब आले. कोपऱ्यातल्या टेबलावरचा बंद पंखा बघून म्हणाले, "या बाई आज आल्या नाहीत?" बाई तापलेल्या लेकराला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या, फक्त मला सांगून. खरं बोलले तर त्यांची नोकरी जाणार, खोटं पकडलं तर माझी. "आल्यात साहेब. पुसायला पंखा मीच बंद केला," कसंबसं बोलले. साहेब आत गेले. बाई आल्यावर त्यांना सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "अगो, पंखा फिरतोय म्हणजे माणूस जागेवर हाय, असं धरतात इथं. म्हणून कोण बंद करत नाय." पुढं तिथं होते तोवर ‘वीज वाचवा’ची पाटी मी रोज पुसली, पण रिकाम्या खुर्चीवरचा पंखा कधी बंद केला नाही. आता घरीसुद्धा बटणाला हात लावण्याआधी मी विचारते, कुणी आहे का.