उशाशी ठेवलेलं दूध

आईच्या अन्ननळीच्या खालच्या टोकाला सिलिकॉनची रिंग बसवायची होती, म्हणजे पोटातलं आम्ल वर येणार नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोटात पाण्याचा थेंबही नको. बोळिंजहून आम्ही सकाळीच हॉस्पिटल गाठलं. थिएटरच्या दारात नर्सने विचारलं, "काही खाल्लं-प्यायलंत?"

आई म्हणाली, "काही नाही."

ट्रॉली आत वळताना मी सहज विचारलं, "जळजळतंय का?"

"नाही. गार दूध घेऊनच निघालेय."

मी ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला. ती वैतागली. "ते औषध आहे रे. वीस वर्षं घेतेय."

ऑपरेशन पुढे ढकललं. रिक्षात मी घर येईपर्यंत तिच्यावर करवादत होतो. घरी तिच्या उशाशी रिकामा पेला होता. रोजच्यासारखा, झोपण्याआधी, मीच तो भरून ठेवला होता.