कुंकू लागलेली जाळी

"तुम्ही लोक हे मानत नाही ना? मग बाहेर थांब की जरा," सर म्हणाले आणि प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं.

मी चपलांच्या ढिगाशेजारी उभी. आत खंडेनवमीची पूजा. वजनकाटा, भट्टी, मोजणीची यंत्रं, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आणि मधोमध ताटात माझी जाळी.

माझीच. निकेलची बोटभर जाळी, तिच्यावर लोखंड आणि निकेलचा लेप. प्लॅटिनमसारखा महागडा धातू न वापरता पाणी फोडायचं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करायचा, हे माझं पीएचडीचं काम. लेप कधी सुटायचा, कधी करपायचा. ही एक जाळी टिकली होती. दसऱ्याची सुटी संपली की कंपनीचे पाहुणे तीच बघायला येणार होते. ती चालली की माझी पीएचडी मार्गी लागणार होती.

आम्ही बौद्ध. पूजा मानत नाही, हे खरंच. पण जाळी माझी होती. दाराच्या काचेतून दिसलं, सरांनी तिला हळदकुंकू लावलं. वर नारळाचं पाणी शिंपडलं. मी काचेवर टकटक केली. कुणी वळूनही बघितलं नाही.

नंतर मी ती धुतली. नारळाचं पाणी छिद्रांत सुकून बसलं होतं. घासावं तर लेपच निघणार.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर तारा जोडल्या. एरवी बुडबुड्यांनी पाणी पांढरं व्हायचं. आता चार मरतुकडे बुडबुडे.

सर हसले. "हिच्या गल्लीत प्यायला पाणी येत नाही, आणि ही निघालीय पाणी फोडायला."

पाहुणे हसले. परवा आत आरती म्हणणारे माझे सोबतीही हसले.

"हात न धुता धरली असेल," सर पुढे म्हणाले. "स्वच्छता रक्तात असावी लागते."

रक्तात! माझी आई विड्या वळते. नळाला चार-पाच दिवसांनी येणारं पाणी ती आधी माझ्या अंघोळीला काढून ठेवते.

"सांग की, चूक झाली म्हणून."

आजवर सांगतच आले होते. चहाचे कप विसळायचे राहिले, चूक झाली सर. शोधनिबंधावर माझं नाव शेवटी का, असं विचारलं, चूक झाली सर. त्या दिवशी मात्र जीभ वळली नाही.

"कुंकू तुम्ही लावलंत," मी म्हणाले. "नारळाचं पाणीही तुम्हीच शिंपडलंत. मी दाराबाहेर होते. तुम्हीच उभं केलं होतंत."

सर हळू आवाजात म्हणाले, "दुसरा गाईड बघ."

जाळी रुमालात गुंडाळून मी घरी आले. सगळं सांगितलं.

आईनं एवढंच विचारलं, "माफी मागितलीस?"

"न्हाय."

"मग जेव की."

गाईड अजून मिळालेला नाही. सरांचं नाव निघालं की लोक विषय बदलतात. बदलू देत. मी दारं ठोठावत राहणार. लेप पुन्हा देणार, करपला तर पुन्हा देणार. पुढच्या खंडेनवमीला ज्या कुठल्या प्रयोगशाळेत असेन, तिथं आत असेन. तारा जोडलेल्या, बुडबुडे चालू. आणि ताट घेऊन जो माझ्या जाळीकडे येईल, त्याचा हात मी मनगटाला धरून अडवणार आहे.