भीमाचा प्रसाद

कोणाला नाही म्हणणं काकूंच्या स्वभावातच नव्हतं. आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये त्यांच्या दारातून कुरिअरवालाही पाणी न पिता जात नसे. अशा काकूंच्या तोंडी पुढे एकच वाक्य राहिलं, तेही थकलेल्या आवाजात: "कुत्र्याला चॉकलेट नको. मोठा असला तरी नको."

त्यांचा भीमा हा दांडगा, म्हातारा लॅब्रेडॉर. मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं शाळेत. दिवसभर घरात त्या आणि भीमा. "मी बोलते, हा ऐकतो. एवढा वेळ दुसऱ्या कोणाला आहे यार?" म्हणायच्या. दिल्लीत राहून 'यार' त्यांच्याही जिभेवर बसला होता.

गणपतीत आमच्या ब्लॉकमधल्या मराठी घरांच्या आरत्या एकामागून एक होत. काकूंबरोबर भीमाही घरोघरी जाई. "आरतीला आलेला रिकाम्या तोंडी जायचा नाही, पाय दोन असोत की चार," हा काकूंचाच नियम. पेढा, साखरफुटाणे, जे असेल ते त्याला मिळे.

त्या वर्षी मुलांच्या हट्टापायी घरोघर डार्क चॉकलेटचे मोदक झाले. एवढ्या मोठ्या कुत्र्याला एका मोदकानं काय होतंय, असं प्रत्येक घराला वाटलं. संध्याकाळी भीमा ओकू लागला, धापा टाकू लागला, पाय थरथरू लागले. आमच्या गाडीत घालून त्याला प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कितना खाया?" सोबत आलेले सगळे म्हणाले, एकच दिला. डॉक्टर वैतागले. "सब मिलाकर पूछ रहा हूँ! बड़ा कुत्ता है तो थोड़ा ज़्यादा झेलेगा, बस. ज़हर तो ज़हर है."

दुसऱ्या दिवशी दुपारी भीमा गेला. त्यानंतर काकूंचं घर फार शांत झालं, आणि ती शांतता मला सोसवत नसे.

कोणाचा राग नाही आला का, मी एकदा विचारलं. "कोणाचा येणार? सगळ्यांनी मायेनंच दिला. माझ्या हातचाही होता त्यात," एवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

मग दर गणपतीच्या आधी, गुडघे दुखत असताना, त्या जिने चढून प्रत्येक दारात ते वाक्य सांगत. लोक कंटाळले. "हो काकू, माहितेय," म्हणत दार लोटून घेत. मुलं त्यांना चॉकलेटकाकू म्हणत. त्या ऐकून घेत आणि पुढचं दार वाजवत. मुलाची बदली नागपूरला झाली, तेव्हा निघताना त्या मला म्हणाल्या, "आता तू सांगशील ना गं?" मी हो म्हटलं खरं, पण दोन-तीन गणपती तशीच गप्प राहिले, ब्लॉकमध्ये कुत्राच कुठे होता?

यंदा तळमजल्यावर नवं कुटुंब आलंय, वासराएवढा ग्रेट डेन घेऊन. काल आरतीनंतर वरच्या मजल्यावरची मुलगी त्याच्यापुढे चॉकलेटचा मोदक धरून उभी होती. मी हात धरला, तर म्हणाली, "आंटी, इतना बड़ा है, एक से क्या होगा?"

मला फार थकल्यासारखं झालं. मोदक तिच्या हातून काढून घेतला, तिला सगळं समजावलं. मग कठड्याला धरून जिना चढले आणि पहिलं दार वाजवलं.