शांत झालेली थोरली

इस्त्रीच्या दुकानातल्या थोरलीच्या जिभेला सगळी गल्ली वचकून असे. इस्त्रीपेक्षा तिचं बोलणंच जास्त चटके देतं, असं गिऱ्हाइकं म्हणत, पण हळू आवाजात. तिला तोंडाला तोंड देणारी एकटी धाकटी जाऊ. एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहून दोघी कपडे दाबत आणि एकमेकींचे वाभाडे काढत. दोघींचं छान चाललं होतं.

मग थोरली शांत झाली. एका वकिलाचा सदरा तिच्या हातून जळला. तो तावातावानं ओरडला. "चुकलं माझं," थोरली म्हणाली आणि हसली. घाम वकिलालाच फुटला.

घरात आनंदीआनंद. "मी एकदा डोळे वटारले, तेव्हापासून फरक पडलाय," नवरा म्हणाला. सुनेला तो स्वतःच्या गोड स्वभावाचा गुण वाटला. थोरलीचं डोकं दुखे, सकाळी उलटी होई. त्यावर पित्ताची गोळी होती. स्तनाचा कर्करोग तर केव्हाच बरा झालेला. त्याचं नाव घरात कुणी काढत नसे.

धाकटीला मात्र चैन पडेना. तिनं मुद्दाम कुरापत काढली. "जाऊबाई, तुमच्या माहेरी कधी कुणी इस्त्री बघितली होती का?"

"नसेल बघितली, बाई," थोरली म्हणाली.

धाकटीनं हातातली इस्त्री खाली ठेवली. तिनं जावेला आणि दिराला दवाखान्यात ओढत नेलं.

"काय त्रास होतो?" कर्करोगाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. गुणी झालीय," नवरा म्हणाला.

"तोच तर त्रास!" धाकटी कडाडली. "मी हिचं माहेर काढलं, तरी ही भांडली नाही. आत काहीतरी बिघडलंय."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी उलट्यांचं विचारलं, चालून दाखवायला सांगितलं, डोळ्यांत उजेड टाकला. मग मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा एमआरआय झाला. कपाळामागे गाठी होत्या, भोवती सूज. छातीतला आजार तिथं जाऊन बसला होता. कणा तेवढा स्वच्छ निघाला.

"म्हणजे माझ्या डोळे वटारण्याचा..."

"काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पूर्ण बऱ्या होतील असं मी सांगणार नाही. पण सूज उतरली, तर काही काळ तरी त्या पूर्वीसारख्या होतील."

औषधं सुरू झाली, डोक्याला किरण दिले. धाकटीनं खाटेजवळ टेबल मांडलं. रोज एक कॉलर ती मुद्दाम वाकडी दाबी. थोरली बघे आणि नुसती हसे.

एका दुपारी उशीवरून आवाज आला, "अगं ए, डोळे माहेरी ठेवून आलीस का?"

सून दारातूनच परतली. नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

"आले ठेवून! मग?" धाकटी म्हणाली आणि तिनं दुसरी कॉलरही वाकडी दाबली.