केसभरदादांचं पातं

…तर व्याही मशीनपुढे खुर्ची टाकून ऐसपैस बसले, इथवर काल आलो होतो. मशीन म्हणजे लोखंड कापायचा बँडसॉ. दोन चाकांवर दातेरी पातं गरगर फिरतं आणि लोखंडात उतरतं. ते चालवणाऱ्याला सगळे केसभरदादा म्हणत. डोक्यावर औषधालाही केस नव्हता, पण पात्याचा ताण लावताना पालुपद ठरलेलं: "केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही!"

लेकीच्या सासऱ्यांपुढे त्या दिवशी दादांना भलताच चेव आला. नवं कोरं पातं बोलता बोलता चढवलं, ताण दिला, बटण दाबलं. पातं मांडीएवढ्या जाड सळईवर टेकलं आणि किंचाळायलाच लागलं. धूर निघाला, कीस मात्र चिमूटभर पडेना.

"काय हो, कापताय की शेकताय?" व्याही म्हणाले.

"माल खोटा आहे," दादा बोलून गेले. "सांधेवाल्यानं सांधा वाकडा मारलाय."

सांधेवाला म्हणजे शेजारच्या गाळ्यात पाती जोडून विकणारा, दादांचा तरुणपणापासूनचा दोस्त.

"मग बोलवा की त्याला!"

सांधेवाला आला. पात्यावर नजर टाकली, मग दादांकडे पाहिलं. "उजेडात बघतो," म्हणाला आणि पातं उतरवून बाहेर गेला. आला तो मान खाली घालून. "चूक माझी. सांधा घासलाय. लावा आता."

दादांनी पातं हातात घेऊन सांध्यावरून अंगठा फिरवला. सांध्याला कानस लागलीच नव्हती. सदरा आतला बाहेर करावा तसं पातं तेवढं उलटवलेलं होतं. मघाशी दातांची तोंडंच उलटी होती! नवशिक्याला पहिल्या दिवशी बजावतात ती गोष्ट, आणि दादा तीच विसरले.

बटण दाबलं. पातं सळईत मऊ उतरलं, चकाकत्या किसाच्या कुरळ्या बटा खाली पडू लागल्या. दादांना वर बघवेना. गप्प राहिलं तर झाकली मूठ शाबूत होती.

पण व्याह्यांचं लोखंडाचं मोठं दुकान. पाती कुणाकडून घ्यावीत, हे अख्खा बाजार त्यांना विचारायचा. ते सांधेवाल्यावर उखडले. "असला माल गळ्यात मारता? यापुढे एक गिऱ्हाईक पाठवणार नाही तुमच्याकडे. लाज कशी वाटत नाही हो?"

दादांनी मशीन बंद केलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. म्हणाले, "व्याही, लाज वाटायची ती मला वाटू द्या. त्याचा सांधा ठणठणीत होता. पातं उलटं मी चढवलं, आणि तुमच्यापुढे माझं नाक राहावं म्हणून त्याचं कापायला निघालो."