च्या ठिवा

माझी सध्याची पोस्टिंग चाकणला, एका कंपनीच्या मेन गेटवर. हुद्दा सिक्युरिटी सुपरवायझर. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता कामगारांचे गेटपास बघतो. बसायला खुर्ची आहे, पण मॅनेजर दिसला की उठावे लागते. गुडघे कुरकुरतात.

फेसबुकवर जुने सोबती सापडले आणि आमच्या प्लाटूनचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. नव्याचे नऊ दिवस. पुढे सकाळी फुले, संध्याकाळी सुविचार. फायरिंगमध्ये न डगमगलेले गडी गुडघ्याच्या तेलावरून भांडू लागले. मी ग्रुप म्यूट केला.

एका सुट्टीला मी फेसबुकवर आमच्या डोंगरातल्या पोस्टवरचा जुना फोटो टाकला. खाली एका मुलीने लिहिले, "उजवीकडून दुसरे माझे पप्पा."

ती नाईक केशवची मुलगी, अश्विनी. हिंजवडीत नोकरी करते. केशव गेला तेव्हा ती पाळण्यात होती. रविवारी ती संत तुकाराम नगरला आमच्या घरी आली. पप्पा कसे गेले हेच विचारणार, म्हणून मी मनात रिपोर्ट जुळवून ठेवला होता.

"ते माहीत आहे, काका," ती म्हणाली. "फोटोही आहेत. मला त्यांचा आवाज ऐकायचाय. तोच कुठे नाही. आई म्हणते, आवाज कसा सांगू?"

तेव्हा पोस्टवर मोबाइल नव्हते. पण केशवचा आवाज अख्ख्या प्लाटूनला पाठ होता. नांदेडकडचा, थोडा नाकातला, शेवटी हेल काढणारा. गस्तीवरून परतताना तो रेडिओवर पोझिशन द्यायचा आणि वर म्हणायचा, "च्या ठिवा." बराकीत सगळे त्याची नक्कल करायचे. सुभेदार साहेबसुद्धा.

मी ग्रुपवर लिहिले, 'केशवच्या मुलीला त्याचा आवाज ऐकायचाय. जमेल तशी नक्कल पाठवा.'

रेकॉर्डिंग येत गेली. जतहून, साताऱ्याहून. सत्तरी ओलांडलेल्या सुभेदार साहेबांचे खोकत खोकत आले. घसा ज्याचा त्याचा, हेल तोच. त्या दिवशी तेलाचा विषय निघाला नाही. सगळे मी अश्विनीला पाठवले. माझे तेवढे केलेच नाही.

कारण रेडिओ ऑपरेटर मी होतो. त्या सकाळी केशवची पार्टी परतत होती.

"अल्फा टू, पोझिशन सांग. ओव्हर."

"नाल्याच्या वर. समदं ठीक. च्या ठिवा. ओव्हर."

मी 'रॉजर' म्हणायच्या आत फायरिंग सुरू झाले. मी अल्फा टूला पुकारत राहिलो. सेट गप्प होता. दुपारी केशवला खाली आणले. लंगरमध्ये चहा उकळून तयार होता. कोणी घेतला नाही. त्यानंतर ते दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

दोन दिवसांनी अश्विनीचा फोन आला.

"काका, आईने सगळे ऐकले. म्हणते, जवळजवळ आहेत, पण ते नव्हेत. अजून कोणी राहिलंय का?"

"बघतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली, कंपनीच्या बस गेल्या. मी केबिनचे दार लावून घेतले. मोबाइल हँडसेटसारखा तोंडाशी धरला. नुसते ते दोन शब्द जमेनात, म्हणून नाल्यापासून सगळे बोललो. पाठवले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मॅनेजर येऊन गेला, उठलो नाही.

घरी जाताना अश्विनीच्या नंबरवरून रेकॉर्डिंग आले. आवाज तिचा नव्हता, तिच्या आईचा होता. आधी नुसता श्वास. मग:

"ठिवलाय. या."

भोसरी येईपर्यंत मी भर बसमध्ये रडलो. नाईक केशवच्या शेवटच्या मेसेजला एवढे उत्तर जायचे राहिले होते.